शाळेत समुपदेशक नेमा म्हणतं कोर्ट, पण सावनेरच्या माणसानं ते शिकायचं कुठं?

२०२५ च्या पावसाळ्यात दिल्लीहून दोन निर्णय आले. दोन्ही मानसिक आरोग्याशी संबंधित, दोन्हींचा हेतू चांगला, आणि तरीही एक दुसऱ्याच्या आडवा येणारा.

पहिला निर्णय सुप्रीम कोर्टाचा. नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा विशाखापट्टणममध्ये मृत्यू झाला होता. त्या प्रकरणात २५ जुलै २०२५ ला न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठानं देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातली एक अशी की, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि त्या व्यक्तीनं मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं. शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, वसतिगृहं, सगळ्यांना हे लागू आहे. १०० पेक्षा कमी मुलं असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संपर्क ठेवायचा.

दुसरा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र हा विषय दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायचा नाही, असं आयोगानं विद्यापीठांना कळवलं. मानसशास्त्रासोबत मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, पोषण आणि आहारशास्त्र हे विषयही त्या यादीत आहेत. नवे प्रवेश बंद.

थोडक्यात, मानसिक आरोग्यात शिकलेल्या माणसांची गरज एका झटक्यात प्रचंड वाढली, आणि नोकरी सांभाळून हा विषय शिकण्याची सगळ्यांत मोठी वाट त्याच महिन्यांत बंद झाली. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला याचा फटका कमी बसेल, तिथं दिवसा भरणारी कॉलेजं आहेत, संध्याकाळचे वर्ग आहेत. खरा प्रश्न तालुक्याच्या गावांचा आहे. त्यासाठी नागपूर जिल्ह्यातलं सावनेर घेऊन बघू.

सावनेर का?

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की साधारण ३५-४० किलोमीटरवर सावनेर लागतं. मराठी वाचकांना हे गाव आणखी एका कारणानं माहीत असतं, राम गणेश गडकरी यांचं निधन २३ जानेवारी १९१९ ला इथंच झालं. आजचं सावनेर म्हणजे संत्र्याच्या बागा, कापूस, वेकोलिच्या कोळसा खाणी, आणि तालुक्यातच असलेलं खापरखेड्याचं औष्णिक वीज केंद्र. पलीकडे मध्य प्रदेशची हद्द, सौंसर आणि पांढुर्णा. खाणीतली पाळी करणारा कामगार, कर्जात असलेला शेतकरी, नागपूरला रोज अप-डाऊन करणारी पोरं आणि दहावी-बारावीच्या टक्क्यांवर डोळे लावून बसलेले आईबाप, सगळे एकाच बाजारपेठेत भेटतात.

सावनेरहून एसटीनं नागपूरला येताना मानकापूरजवळ प्रादेशिक मनोरुग्णालय लागतं. १८६४ मध्ये सुरू झालेलं, ९४० खाटांचं. महाराष्ट्रात अशी चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. नागपूरच्या रुग्णालयाजवळच्या चौकाला लोक आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. कंडक्टरही तसंच ओरडतो. मानसिक आजारावर उपचार घ्यायचा म्हणजे तिथं उतरायचं, ही भीती या रस्त्यावर दीडशे वर्षांपासून आहे.

म्हणूनच उपचार गावाजवळ न्यायचे असं सरकारचं धोरण आहे, आणि ते काही नवीन नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. त्यात जिल्ह्याला एक टीम मिळते, मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका आणि इतर काही जण. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्येही मानसिक आरोग्य आहे. कागदावर बघितलं तर सावनेरच्या माणसाला पागलखाना चौकात उतरायची गरज पडू नये.

आता माणसं मोजू. भारतात लाखाला ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि किमान ३ हवेत, हे आकडे संसदेच्या स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालातही आहेत आणि २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीतही. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाख ५३ हजारांच्या वर होती. लाखाला ३ धरले तर जिल्ह्याला १४० च्या आसपास मनोविकारतज्ज्ञ लागतील. देशाच्या सरासरीनं धरले तर ३५ येतात. मानसशास्त्रज्ञांचं चित्र याहून वाईट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या नोंदीत भारतात लाखाला ०.०७ मानसशास्त्रज्ञ होते. त्या सरासरीनं अख्ख्या नागपूर जिल्ह्याच्या वाट्याला तीन येतात. प्रत्यक्षात नागपूर शहर मोठं वैद्यकीय केंद्र असल्यानं तिथं जास्त असतील, पण मग त्याच सरासरीनं तालुक्यांत कमी असतील. सरासरीचा हा गुण आहे, ती कुणालातरी नेहमी फसवते.

आणि गरज? निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं दिसलं. विकार कोणता त्यानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर होते. (सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.) महाराष्ट्राचा स्वतःचा एक आकडा मात्र दरवर्षी येतो. एनसीआरबीच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये राज्यात २२ हजार ७४६ आत्महत्या झाल्या, देशात सर्वाधिक.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ: फरक काय?

पुढचं समजायला हा फरक माहीत हवा, कारण बोलताना सगळ्यांनाच ‘सायकॅट्रिस्ट’ म्हणायची पद्धत आहे.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. तो औषध लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, तो चाचण्या घेतो, निदानात मदत करतो आणि बोलण्याच्या उपचारपद्धती वापरतो. त्याच्यासाठी मानसशास्त्रातलं एमए पुरत नाही. त्यावर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. नाव नसताना काम केलं तर आरसीआयच्या १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हजार रुपयांत सध्या एका तासाचं समुपदेशनही मिळत नाही, हा भाग वेगळा.

मनोविकार सामाजिक कार्यकर्ता म्हणजे एमएसडब्ल्यू करून पुढं मनोविकार क्षेत्रातलं खास शिक्षण घेतलेला माणूस. रुग्णाचं घर, नोकरी, सासर, शेती, या सगळ्याशी त्याचं काम. मानसिक आरोग्य परिचारिका हा चौथा गट, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगनंतर एक वर्षाचा मनोविकार परिचर्येचा डिप्लोमा किंवा दोन वर्षांचं एमएस्सी.

उरला समुपदेशक. आणि इथंच घोळ आहे. हा शब्द कुणीही दारावर लिहू शकतं. दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही समुपदेशक आणि पंधरा वर्षं रुग्णालयात काम केलेलीही समुपदेशक. सरकारी रुग्णालयात एचआयव्ही चाचणी केंद्रात, किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये, शाळांमध्ये, संस्थांमध्ये अशी शेकडो माणसं काम करतात. मानसिक आरोग्याची पहिली हाक यांच्याच कानावर येते. सुप्रीम कोर्टाच्या सूचनेतला ‘पात्र समुपदेशक’ नेमका कोण, हे ठरवताना शाळांची पंचाईत होणार आहे ती यामुळेच.

२०२१ मध्ये संसदेनं राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. आरसीआयकडे असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, मनोविकार आणि वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते या कायद्याखाली आले. म्हणजे कोण शिकलेला आणि कोण नाही, याची नोंद आता ठेवली जाणार. हे व्हायलाच हवं होतं, उशिराच झालं. यूजीसीचा दूरशिक्षणबंदीचा निर्णयही याच कायद्याच्या आधारावर आहे.

घरबसल्या मानसशास्त्र: सोय होती, पण पुरेशी होती का?

समजा, सावनेरमध्ये एक एमएसडब्ल्यू झालेली समुपदेशक आहे. सरकारी कार्यक्रमात करारावर काम करते. वय ३४, दोन मुलं, नवरा खाणीत. तिच्यासमोर रोज अशी माणसं बसतात ज्यांना नुसतं धीर देऊन भागत नाही. तिला पुढं शिकायचंय. २०२५ पर्यंत ती काय करायची? इग्नूचा मानसशास्त्रातल्या एमएचा फॉर्म भरायची. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश, नागपूरला विभागीय केंद्र, पुस्तकं घरी. दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप आणि प्रकल्प. देशभरातल्या शिक्षिका, परिचारिका, पोलीस, बँकवाले, गृहिणी, सगळ्यांनी हीच वाट धरली.

आता वर्ग हवे असतील तर नागपूर. नागपूर विद्यापीठाच्या अखत्यारीत मानसशास्त्राचं एमए आहे, पण ते दिवसा भरतं आणि हजेरी लागते. सावनेर-नागपूर अंतर बसनं तासाभराचं असलं तरी दहा ते पाच नोकरी आणि दहा ते पाच कॉलेज एकाच माणसाला जमत नाही.

इथं यूजीसीला सरळ दोष देणं सोपं आहे, पण तसं करणं बरोबर नाही. पोस्टानं आलेली पुस्तकं वाचून, घरी बसून प्रकल्प लिहून माणसाच्या मनावर काम करायला शिकता येत नाही. आत्महत्येचा विचार मनात असलेल्या मुलीशी पहिली दहा मिनिटं कसं बोलायचं, हे पुस्तकात असतं, पण ते अंगात येतं ते कुणीतरी जाणता माणूस शेजारी बसून चुका दाखवतो तेव्हा. याला सुपरव्हिजन म्हणतात आणि मानसिक आरोग्याच्या शिक्षणाचा कणा तोच आहे. दूरशिक्षणात तोच कच्चा होता. इंटर्नशिपचं पत्र कुठूनतरी आणायचं आणि फाइल जमा करायची, असं किती ठिकाणी चालायचं, हे त्या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक आहे.

चूक वेगळीकडे आहे. कच्ची वाट बंद करताना तिच्या जागी पक्की केली नाही. नोकरीतल्या माणसाला आठवड्यातले काही तास प्रत्यक्ष वर्ग, जवळच्या रुग्णालयात देखरेखीखाली काम आणि बाकी अभ्यास घरून, असा मधला मार्ग काढता आला असता. त्याऐवजी सगळं किंवा काहीच नाही, असा पर्याय उरला. ज्याच्या घरी दोन वर्षं पगाराविना चुलीवर भांडं चढतं, तो शिकेल. बाकीचे जिथं आहेत तिथं राहतील.

एम.फिल. गेलं, त्याची जागा कोण घेणार?

एमए झाल्यावरचा टप्पा आणखी अवघड. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याची ठरलेली वाट म्हणजे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. बंगळुरूत १९५४ साली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ, म्हणजे आजचं निम्हान्स, सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथं मानसशास्त्रज्ञांचं रुग्णालयातलं प्रशिक्षण चालू झालं. तोच साचा पुढं देशभर गेला. इतर विषयांत एम.फिल. म्हणजे पीएचडीच्या आधीचा एक प्रबंध. इथं मात्र ते रुग्णालयाच्या वॉर्डात घडणारं काम होतं, नाव तेवढं एम.फिल.

नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच रद्द झाली. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांत ते पक्कं झालं. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगानं विद्यापीठांना पुन्हा बजावलं की एम.फिल.ला प्रवेश देऊ नका. मग मानसिक आरोग्य क्षेत्रातून ओरड झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांना तेवढी सूट मिळाली, २०२५-२६ या सत्रापर्यंतच. भाषाशास्त्राचं एम.फिल. आणि वॉर्डातलं एम.फिल. यांत फरक आहे, हे धोरण आखताना कुणाच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

आरसीआयनं पर्याय म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजीचं एमए आणि चार वर्षांचा साय.डी. असे अभ्यासक्रम आणले आहेत. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ उघडला तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येत एम.फिल.चं नाव आहे, आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याच्या व्याख्येतही. दोन्हीकडे अट सारखी, दोन वर्षं, पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची मान्यताप्राप्त पात्रता हा दुसरा दरवाजा व्याख्येतच आहे. सामाजिक कार्यकर्त्यासाठी इतर पात्रता नियमांनी ठरवता येते. म्हणजे कायदा बदलायची गरज नाही, नियम करायची आहे.

आणि जागा? केंद्राच्या मनुष्यबळ विकास योजनेत देशभरात २५ उत्कृष्टता केंद्रं मंजूर झाली आणि १९ संस्थांमधल्या ४७ पदव्युत्तर विभागांना मदत मिळाली. महाराष्ट्रात पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था त्यात सुरुवातीपासून आहे. सावनेरच्या त्या समुपदेशकेनं पुणं गाठायचं म्हणजे संसार हलवायचा.

डॉक्टरला वाट आहे, बाकीच्यांना नाही

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएस डॉक्टरला पुढं शिकायचं असेल तर ‘सेवांतर्गत’ कोटा नावाची गोष्ट आहे. ३१ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांना असा कोटा ठेवण्याचा अधिकार असल्याचं सांगितलं. ग्रामीण भागात काम केलेल्या सरकारी डॉक्टरला पदव्युत्तर जागांत वेगळा वाटा मिळावा म्हणजे तो परत येऊन तिथंच सेवा देईल, हा त्यामागचा साधा विचार.

हाच विचार सामाजिक कार्यकर्ता, मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक यांना लागू का होत नाही? एक कारण असं की यातले बहुतेक जण कायम नोकरीत नाहीतच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली पदं राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली करारावर भरली जातात. करार संपला की पुन्हा करार. महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियमांत अभ्यासरजा आहे, पण ती शासकीय कर्मचाऱ्याला. करारावरच्या माणसाच्या बाबतीत ‘अभ्यासाला जाऊन परत येतो’ याचा अर्थ ‘जातो’ एवढाच होतो. परत आल्यावर ती जागा दुसऱ्याची असते.

त्यामुळं एक विचित्र चक्र तयार होतं. अनुभवी माणूस शिकू शकत नाही म्हणून पात्र ठरत नाही. पात्र माणूस शहरात शिकतो आणि शहरातच राहतो, कारण तालुक्याला करारावरची नोकरी आणि तुटपुंजं मानधन. जागेची जाहिरात निघते, कुणी येत नाही, जागा रिकामी.

निम्हान्सनं २०१८ मध्ये डिजिटल अकादमी सुरू केली. वैद्यकीय अधिकारी, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका यांना नोकरीत असतानाच ऑनलाइन सत्रांतून सामुदायिक मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण मिळतं, खऱ्या रुग्णांवर चर्चा होते. चांगला उपक्रम आहे. पण त्यातून पदव्युत्तर पात्रता मिळत नाही. काम सुधारतं, पद तेच राहतं.

मग पदवी हवीच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला विदर्भातूनच उत्तर मिळतं.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते आणि थोडं प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक घरोघरी गेले, नैराश्याबद्दल बोलले, गरज असेल त्याला मनोविकारतज्ज्ञापर्यंत नेलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, प्रकल्पानंतर २७.२ टक्के झालं. सहापट. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या कामातूनही असंच दिसलं होतं की मानसशास्त्राची पदवी नसलेला पण नीट तयार केलेला माणूस नैराश्यावर परिणामकारक काम करू शकतो.

यावरून ‘मग पदवीवाल्यांची गरज नाही’ असा अर्थ काढला जातो. तो चुकीचा आहे. या सगळ्या प्रयोगांत साध्या कार्यकर्त्याच्या मागं एक शिकलेला माणूस उभा होता, जो त्याचं काम तपासत होता आणि अवघड रुग्ण स्वतःकडं घेत होता. दहा आशा सेविकांना मदतीला घ्यायचं असेल तर त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारं एक माणूस तालुक्यात लागतं. पदव्युत्तर शिक्षण हवं ते त्या एका माणसासाठी. तो नागपुरात बसून फोनवर भेटणारा असेल तर आठवडाभर चालेल, वर्षभर नाही.

भाषेचाही मुद्दा आहे. एमएची पुस्तकं इंग्रजीत, चाचण्या बहुतेक इंग्रजी-हिंदीतून आलेल्या. सावनेरच्या बाजारात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलली जाते, आणि नैराश्याला कुणी नैराश्य म्हणत नाही. ‘टेन्शन येते’, ‘जेवण जात नाही’, ‘डोकं जड रायते’, ‘कामात मनच लागत नाही’. बाई ‘अंगात मुंग्या येतात’ म्हणून सहा महिने रक्त तपासत फिरते. हे ऐकून ओळखायला तिथलं माणूस लागतं, आणि ओळखल्यावर काय करायचं हे कळायला शिकलेलं. दोन्ही एकाच व्यक्तीत हवं असेल तर तिथल्याच माणसाला शिकवण्याला पर्याय नाही.

इंग्लंडनं काय केलं?

२००८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं बोलण्याचे उपचार सामान्य माणसापर्यंत न्यायचं ठरवलं. तेव्हा त्यांच्याकडंही माणसं नव्हती. त्यांनी प्रशिक्षणार्थींना आधी नोकरीत घेतलं, पगार सुरू केला, आणि वर्षभर आठवड्यातला साधारण एक दिवस विद्यापीठात पाठवलं. उरलेले दिवस त्याच माणसानं दवाखान्यात, वरिष्ठाच्या देखरेखीखाली, सौम्य नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना भेटायचं. वर्षाअखेर पात्रता. त्या योजनेवरही टीका झाली, कामाचा ताण आणि लवकर नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण यांवरून. पण शिकण्यासाठी नोकरी सोडावी लागली नाही.

हे जसंच्या तसं इथं आणता येणार नाही, पैसाही तेवढा नाही. पण नागपूरच्या आसपास बघा काय आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांचं मेडिकल. मेयो. एम्स. मातृसेवा संघ आणि तिरपुडे ही जुनी समाजकार्य महाविद्यालयं. वर्ध्याच्या बाजूला सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयं. शनिवार-रविवार वर्ग, आठवड्यातला एक दिवस रुग्णालयात आणि बाकी दिवस स्वतःच्या तालुक्यात काम, अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला लागणारे शिक्षक आणि रुग्णालयं दीड-दोन तासांच्या टप्प्यात आहेत. त्यांना जोडणारा शासन निर्णय तेवढा लागेल.

२०२८ ची मुदत

मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम ३१ फारसं चर्चेत नसतं. त्यात सरकारवर दोन जबाबदाऱ्या आहेत. एक, सरकारी रुग्णालयांतल्या आणि तुरुंगांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किमान मानसिक आरोग्यसेवेचं प्रशिक्षण देणं. दुसरी, लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न करणं, कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत. कायदा लागू झाला २९ मे २०१८ ला. मुदत मे २०२८ ला संपते.

पदवीधर माणसानं जून २०२६ मध्ये मानसशास्त्राच्या एमएला प्रवेश घेतला तर तो २०२८ च्या उन्हाळ्यात एमए होईल. क्लिनिकल प्रशिक्षणाची दोन वर्षं पुढं. म्हणजे मुदतीच्या दिवशी देशात जितके क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील, ते सगळे एक तर आज काम करतायत किंवा आज शिकतायत. संख्या झपाट्यानं वाढवायची असेल तर आधीपासून कामात असलेल्यांनाच वर आणावं लागेल, आणि तीच वाट सध्या सगळ्यांत अरुंद आहे. ‘प्रयत्न करणं’ असा शब्द कायद्यात असल्यामुळं मुदत हुकली म्हणून कुणाला शिक्षा होणार नाही.

तोपर्यंत शाळा काय करतील, याचा अंदाज बांधणं अवघड नाही. एखाद्या शिक्षिकेला आठवडाभराचं प्रशिक्षण देऊन समुपदेशकाची जबाबदारी दिली जाईल आणि तपासणीसाठी रजिस्टर तयार होईल. कोर्टाच्या सूचनेत ‘पात्र’ आणि ‘प्रशिक्षण’ हे शब्द आहेत, पण ते तपासणार कोण, हे तालुका पातळीवर ठरायचंय.

जे आत्ता या क्षेत्रात शिकायला निघालेत त्यांच्यासाठी एक व्यवहारातली गोष्ट. फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का आणि ती नेमकी कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे परिषदेच्या यादीत बघावं. संस्थेला मान्यता असणं आणि त्या कोर्सला मान्यता असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ऑनलाइन एमए सायकॉलॉजी’ अशी जाहिरात दिसली तर २०२५ च्या सत्रापासून त्याला यूजीसीची परवानगी नाही, हे लक्षात ठेवावं. आणि ज्यांना शिकायचं नसून आत्ता कुणाशी बोलायचं आहे, त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र, मराठीतही.